विमानतळाचा आवाज आणि 65-60 डेसिबलचा घोळ : थोडी पार्श्वभूमी

कराडच्या विमानतळाच्या विस्तारीकरणाचा विषय निघाला की सगळी चर्चा जमिनीवरच अडकते. ते चूक नाही, वारुंजी-केसे-मुंढे पट्ट्यातली बागायती रानं जाणार म्हटल्यावर माणूस आधी तेच बघणार. सांगलीकडं उलटं, कवलापूरला विमानतळ झालाच पाहिजे म्हणून लोक मागं लागलेत. पण दोन्हीकडं एक प्रश्न कुणी विचारत नाही, की ज्यांची जमीन जात नाही, फक्त घर शेजारी राहतं, त्यांच्या कानाचं काय?

कराडची धावपट्टी 1955 ची, कोयना धरणाच्या कामासाठी केलेली. कोल्हापूरचं उजळाईवाडी त्याच्याही आधीचं, 1939 चं, संस्थानी काळातलं. तेव्हा विमानं लहान, फेऱ्या कधीतरी, आजूबाजूला रान. आवाज हा त्रास नव्हता, बघायची गंमत होती. हा प्रश्न खऱ्या अर्थानं पेटला तो जेट आल्यावर, म्हणजे 1958 नंतर, आणि तोही परदेशात. तरी जेटच्या आधीचा अमेरिकेतला 1946 चा एक खटला सांगण्यासारखा आहे, कारण तो चक्क कोंबड्यांचा आहे. लष्करी विमानं पोल्ट्रीवरून इतकी खालनं जायची की कोंबड्या घाबरून भिंतींवर आपटून मरायच्या, शेवटी धंदाच बंद पडला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की इतक्या खालनं उडणं म्हणजे जमीन वापरायचा हक्कच काढून घेणं, तेव्हा भरपाई द्या. आपल्याकडं पोल्ट्रीवाले कमी नाहीत, त्यांनी हे वाचून ठेवावं.

पुढचं भराभर सांगतो. लंडनच्या मोठ्या विमानतळावर रात्रीच्या उड्डाणांवर बंधनं आली 1962 ला. 1971 मध्ये विमानाच्या आवाजाचे आंतरराष्ट्रीय नियम ठरले, मग जुनी कर्कश जेट टप्प्याटप्प्यानं बाद होत गेली, बऱ्याच देशांनी 2002 पर्यंत ती पार बंद केली. 2001 ला आंतरराष्ट्रीय पातळीवर चार गोष्टी एकत्र बघायचं ठरलं: विमानच कमी आवाजाचं करणं, आजूबाजूच्या जमिनीचा वापर ठरवणं, उतरायची-चढायची पद्धत बदलणं, आणि एवढं करूनही भागलं नाही तर उड्डाणांवर बंदी. यातली पहिली गोष्ट छान झाली, आजचं इंजिन जुन्याच्या मानानं खूपच शांत आहे. दुसऱ्या गोष्टीकडं, म्हणजे जमिनीच्या वापराकडं, आपल्याकडं कुणी ढुंकून बघितलं नाही. लोहगावला काय झालं ते पुण्यात फ्लॅट घेतलेल्या आपल्या पाव्हण्यांना विचारा, धावपट्टी 1939 पासनं तिथंच आहे, घरं नंतर येऊन चिकटली.

आता मुख्य घोळ. डॉल्बीच्या भांडणामुळं साताऱ्यात 55-45 हा आकडा बऱ्याच जणांना पाठ आहे: 2000 च्या नियमांप्रमाणं राहत्या वस्तीत दिवसा 55 डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा 45. लोकांना वाटतं विमानतळाशेजारीही हेच लागू. तसं नाहीये. 2018 मध्ये केंद्रानं विमानतळाच्या ध्वनिक्षेत्रासाठी, म्हणजे विमानांचा आवाज पोचतो त्या भोवतालच्या पट्ट्यासाठी, वेगळा तक्ता काढला. वर्षाला 50,000 च्या वर विमानांची ये-जा असेल, म्हणजे दिवसाला साधारण 137, तर दिवसा 70 आणि रात्री 65. बाकीच्या विमानतळांना 65 आणि 60. हे कशाच्या जवळ जातं बघा. बाजारपेठेची मर्यादा आहे 65-55. म्हणजे छोट्या विमानतळाशेजारचं घर दिवसा बाजारपेठ धरलं गेलं आणि रात्री तर बाजारपेठेपेक्षाही 5 डेसिबल जास्त चालतील! या तक्त्याच्या बाजूनं बोलणारे म्हणतात की 55-45 कुठल्याच चालत्या विमानतळाला जमणार नाही, मग न पाळता येणारा नियम ठेवून काय उपयोग. मुद्दा आहे, पण मग नियम विमानतळाच्या सोयीनं झाला की झोपणाऱ्याच्या, हे उघड बोलावं.

आणि हे आकडे सरासरी आहेत, इथंच खरी मेख आहे. डॉल्बी तासन्‌तास वाजतो, विमान अर्ध्या मिनिटात निघून जातं. समजा डोक्यावरनं जाताना 85 डेसिबल आवाज होतो आणि तो 30 सेकंद टिकतो, आणि दिवसाच्या सोळा तासांत अशी दहा विमानं गेली, तर बाकी सगळी शांतता धरून सरासरी येते 62 च्या आसपास. पास! रात्रीच्या आठ तासांत दोनच विमानं आली तर साधारण 58, तेही पास. पण घरातलं तान्हं पोर दोन्ही वेळा दचकून उठलं, ते या हिशोबात कुठंच बसत नाही. परदेशात म्हणून घरांना दुहेरी काचा बसवून देतात. आपल्याकडं वर पत्रा, एप्रिल-मेमध्ये खिडक्या सताड उघड्या, काचा कुठं बसवणार?

अजून एक खुंटी आहे. 65-60 ची ओळ "बाकीचे सगळे विमानतळ" म्हणते पण त्यातनं प्रस्तावित विमानतळ वगळलेत. चांगल्या मनानं वाचलं तर अर्थ असा निघतो की नवीन ठिकाणी ही सवलत नाही, तिथं आधीचे कडक आकडेच धरून आखणी करा. पण मग कराड कशात धरायचं? धावपट्टी सत्तर वर्षांची, तेव्हा जुनं म्हणायचं, का वाढीव धावपट्टी आणि मोठी विमानं येणार म्हणून प्रस्तावित? कवलापूरला जुनी धावपट्टी असून विमान येत नाही, ते तर दोन्हीत बसतं आणि दोन्हीत बसत नाही. माझ्या मते दोन्ही प्रस्तावित धरायला पाहिजेत, कारण आज तिथं राहणाऱ्यानं मोठ्या विमानाचा आवाज गृहीत धरून घर बांधलेलं नाही. "धावपट्टी आधीपासनं होती की" हा युक्तिवाद येणारच. असेल, पण तिच्यावर काय उतरत होतं?

तोवर प्लॉटिंग जोरात चाललंय. विमानतळाशेजारी इमारत बांधायची तर उंचीची एनओसी लागते, ते आता बिल्डरलाही माहिती झालंय. सातबाऱ्यावर आवाजाबद्दल एक ओळ नसते, आणि प्लॉट विकणारा तर "एअरपोर्टपासून पाच मिनिटांवर" म्हणून दर वाढवूनच सांगतो.