इंजिन बंद पडलं की रोटर मंदावला?

निवडणुकीच्या दिवसांत गडचिरोलीच्या आतल्या भागात मतदान पथकं हेलिकॉप्टरने जातात. शाळेचं मैदान, धूळ उडू नये म्हणून शिंपडलेलं पाणी, मधोमध चुन्याने काढलेला एच आणि दोरीपलीकडे अख्खं गाव. अशाच गर्दीत शेजारचे एक काका म्हणाले, "इंजिन बंद पडलं का हे गोट्यावानी खाली येते." काकांचं हे मत अनेकांचं आहे, आणि ते चुकीचं आहे.

अपघाताच्या बातमीत "इंजिनात बिघाड" एवढंच छापून येतं. पण इंजिन बंद पडणं वेगळं आणि डोक्यावरचा रोटर, म्हणजे फिरणाऱ्या पात्यांचा पंखा, मंदावणं वेगळं. पहिल्यातून माणसं वाचू शकतात, दुसऱ्यातून क्वचितच.

उतारावर पायडल मारणं थांबवलं तरी सायकलचं चाक फिरतच राहतं, कारण मागे फ्रीव्हील असतं. हेलिकॉप्टरातही इंजिन आणि रोटरच्या मध्ये एकाच दिशेने पकडणारा असा क्लच असतो. इंजिन थांबलं की तो सुटतो आणि रोटर मोकळा होतो. मात्र पाती तिरपी राहिली तर हवेचा अडथळा त्याची गती खाऊन टाकतो. म्हणून पायलटला डाव्या हाताचा कलेक्टिव्ह हा दांडा ताबडतोब खाली करावा लागतो. पात्यांचा कोन उतरतो, हेलिकॉप्टर खाली येऊ लागतं आणि खालून वर येणारी हवाच रोटरला फिरवत राहते. हेच ऑटोरोटेशन. उतरण्याचा वेग मिनिटाला दीड-दोन हजार फूट असतो, पण यंत्र पायलटच्या ताब्यात असतं. जमीन जवळ आली की नाक उचलून वेग मोडायचा आणि शेवटच्या काही फुटांत कलेक्टिव्ह वर ओढून रोटरमध्ये साठलेली ताकद खर्चायची. ती एकदाच मिळते.

हलक्या हेलिकॉप्टरांची खरी अडचण इथेच आहे. रॉबिन्सन आर-22 हे दोन माणसांचं, एका पिस्टन इंजिनाचं यंत्र. रोटर दोन पात्यांचा, हलका, मिनिटाला 500 हून जास्त फेरे घेणारा. कडबा कुट्टीचं जड चाक हात सोडल्यावरही दोन-चार फेरे घेतं, कारण वजनात गती साठलेली असते. हलक्या रोटरकडे तो साठा फार थोडा. कलेक्टिव्ह खाली करायला पायलटला जेमतेम एक सेकंद मिळतो. रोटरची गती नेहमीच्या 97 टक्क्यांवर आली की भोंगा वाजतो. 80 टक्क्यांच्या आसपास पाती हवा सोडतात, आणि मग गती परत मिळवता येत नाही. दुर्दैव असं, की यंत्र खचू लागलं की घाबरलेला हात दांडा वर ओढतो. पात्यांचा कोन वाढतो, रोटर आणखी मंदावतो. काकांचा गोटा तो हाच. पन्नास-शंभर फुटांवर स्थिर तरंगत असताना इंजिन गेलं, तर मात्र कुशल हातालाही पुरेसा वेळ नसतो.

उलटही घडतं, आणि विदर्भात ते नीट समजून घ्यायला हवं. इंजिन धडधाकट चालू असतं, तरी रोटर मंदावतो. चंद्रपूरच्या मे महिन्यात 45 अंशांना हवा 15 अंशांच्या मानाने साधारण 9 टक्के विरळ होते. पात्यांना पकड कमी मिळते, पिस्टन इंजिनाचा जोरही घटतो. त्यात वजन भरलेलं असेल आणि पायलट दांडा ओढतच राहिला, तर इंजिनाला रोटर ओढवत नाही आणि फेरे घसरतात. लोक याला "इंजिन फेल" म्हणतात, पण इंजिनात बिघाड नसतोच.

माणसं वाचतात की नाही, हे उतरायची जागाही ठरवते. धानाच्या बांधीत स्किड, म्हणजे चाकांऐवजी खाली असलेली नळी, बांधाला अडकते, पावसाळी काळ्या मातीत रुतते, आणि मग व्यवस्थित उतरलेलं यंत्रही कुशीवर कलंडतं. त्यातून माणसं बहुधा चालत बाहेर येतात. शेतावरून गेलेल्या विजेच्या तारा मात्र वरून दिसतच नाहीत.

अवशेषांतही हा फरक दिसतो. रोटर वेगात असेल तर पात्यांचे तुकडे लांबवर उडतात, झाडांवर छाटल्याच्या खुणा राहतात. मंदावलेला असेल तर पाती वरच्या बाजूला वाकलेली, पुढच्या कडेला फारशी इजा नसलेली सापडतात. तपास करणारे म्हणूनच पात्यांकडे इतकं बारकाईने पाहतात.