हुशार माणसं जमवली की टीम हुशार होते?

'एकेक हुशार माणूस निवडा, टीम आपोआप चांगली होईल,' हे आपण वर्षानुवर्षं ऐकतो. ते खरं नाही. २०१० साली संशोधक अनिता वूली आणि सहकाऱ्यांनी ६९९ लोकांना दोन ते पाच जणांच्या गटांत बसवून कोडी, वाटाघाटी अशी कामं दिली. गटाच्या कामगिरीशी सभासदांच्या बुद्ध्यांकाचा संबंध कमीच निघाला, अगदी गटातल्या सर्वांत हुशार माणसाच्याही. एकदोघंच बोलत राहिले, की गट मागे पडायचा. दुसरी गोष्ट मला फार मोलाची वाटते: नुसत्या डोळ्यांचे फोटो बघून मनातलं ओळखणारी माणसं ज्या गटांत होती, ते गट सरस ठरले. म्हणून टीम जोखताना मार्कशीट बाजूला ठेवा. मीटिंगमध्ये कोण किती वेळ बोललं, ते घड्याळ लावून टिपा.