ग्राम आरोग्य कार्यकर्ती

गावाने निवडलेली, गावातच नांदणारी आणि प्रशिक्षण घेऊन शेजारपाजारच्या घरांना आरोग्याची माहिती व दवाखान्याची वाट दाखवणारी स्त्री. ती डॉक्टर नसते, परिचारिकाही नसते. गाव, स्वयंसेवी संस्था आणि सरकारी आरोग्ययंत्रणा या तिघांच्या भागीदारीतून तिचे काम उभे राहते. यांपैकी एक जरी बाजूला झाला तरी ते काम लंगडे पडते, असा या क्षेत्रातील बहुतेक प्रयोगांचा अनुभव आहे.

संज्ञा. १९७०–८० च्या लेखनात ‘व्हिलेज हेल्थ वर्कर’ हाच शब्द सर्रास आढळतो. मराठीत सेवक, सेविका, रक्षक, स्वयंसेवक, दूत, मित्र असे अनेक पर्याय रूढ झाले आणि त्यांतून घोटाळाही झाला. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात ‘आरोग्य सेविका’ म्हणजे उपकेंद्रातील पगारी परिचारिका (ए.एन.एम.). मुंबईत मात्र वस्तीत घरभेटी देणाऱ्या महापालिकेच्या मानधनी स्त्रियांनाही हेच नाव आहे. ‘आरोग्यमित्र’ हा महात्मा फुले जनआरोग्य योजनेखालील रुग्णालयात बसून शिधापत्रिका व इतर कागदपत्रे पाहणारा मदतनीस असतो. ‘आरोग्यदूत’ हा शब्द मुख्यतः गडचिरोलीतील कामाशी जोडला गेला आहे. या नोंदीत ‘कार्यकर्ती’ हा शब्द स्वीकारला आहे. सेवेपेक्षा लोकांना सोबत घेऊन काही घडवून आणण्याचा अर्थ त्यात अधिक आहे आणि अहमदनगर जिल्ह्यातील जामखेडच्या प्रकल्पातील (पुढे पाहा) स्त्रियांचे काम त्या अर्थाला जवळचे आहे.

उगम. या कल्पनेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. सर्वांत प्रचलित मत चीनकडे बोट दाखवते. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, १९६८ मध्ये, शांघायजवळच्या एका कम्युनमधील (सामूहिक शेतीच्या वसाहतीतील) शेतकरी-वैद्यांविषयीचा वृत्तांत चिनी वृत्तपत्रांत ठळकपणे छापला गेला आणि ‘अनवाणी डॉक्टर’ हे नाव जगभर गेले. भाताच्या खाचरात अनवाणी राबणारा माणूसच फावल्या वेळी औषध देतो, असा त्या नावाचा भाव. भारतात १९७७ साली गावोगावी कार्यकर्ते नेमण्याची सरकारी योजना आली तेव्हा तिच्याविषयीच्या चर्चेत या चिनी उदाहरणाचा वारंवार उल्लेख झाला, त्यामुळे हे मत दृढ झाले असावे.

दुसरे मत चीनमध्येच, पण पस्तीसेक वर्षे मागे जाते. हबै प्रांतातील डिंगशियान (जुने रोमन लेखन ‘टिंगशियेन’) येथे जेम्स येन यांची ग्रामपुनर्रचना चळवळ चालू होती. तिथे डॉ. सी. सी. चेन यांनी १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत साक्षर शेतकऱ्यांना थोडे प्रशिक्षण देऊन जन्ममृत्यूची नोंद, देवीची लस, प्रथमोपचार आणि आरोग्याची माहिती देणे ही कामे सोपवली. चेन हे पीकिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. जॉन ग्रँट यांचे विद्यार्थी होते. हेच ग्रँट पुढे कलकत्त्याच्या अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्थेचे संचालक झाले आणि भारतातील आरोग्यसेवेचा आराखडा आखणाऱ्या भोर समितीच्या कामाशी त्यांचा संबंध आला. १९४३ साली नेमलेल्या या समितीच्या १९४६ च्या अहवालात गावोगावी आरोग्य समित्या असाव्यात अशी शिफारस आहे. डिंगशियान ते भोर समिती हा दुवा म्हणून बराच सबळ दिसतो. मात्र समितीच्या आराखड्यात भर होता तो प्रशिक्षित डॉक्टर व रुग्णालयांच्या जाळ्यावर. गावातली माणसे तिथे सहकार्य करणारी आहेत, स्वतः आरोग्यसेवा देणारी नाहीत. म्हणून आजच्या कार्यकर्तीची वंशावळ थेट १९४६ पर्यंत नेणे सावधपणेच करावे लागेल.

तिसरे मत असे की महाराष्ट्रातील प्रयोग इथल्या गरजेतून, बहुतांशी स्वतंत्रपणे घडले. जामखेडपुरते तरी हे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण तिथे आधी परिचारिकांची योजना फसली आणि त्या अपयशातून गावातल्या बाईचा विचार पुढे आला. कोणाच्या नमुन्यावर बेतलेल्या कामाची सुरुवात सहसा अशी होत नाही. शिवाय चिनी प्रयोगाची तपशीलवार माहिती बाहेर पोहोचू लागली ती साधारण १९७१–७२ नंतर, म्हणजे जामखेडचे काम सुरू झाल्यावर.

जामखेड. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील या दुष्काळी तालुक्यात सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. पहिला दवाखाना जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत भरला. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे पदवीधर. सुरुवातीला गावांत परिचारिका ठेवून पाहिल्या. परक्या गावात एकट्या तरुण मुलीला राहणे कठीण जाई आणि गावातल्या बायकाही तिच्याशी मोकळ्या होत नसत. तेव्हा आपल्याच गावातली बाई शिकवावी अशी सूचना पुढे आली, ती एका सरपंचाकडून आल्याचे सांगितले जाते. प्रशिक्षणाचा आरंभ काही ठिकाणी १९७० दिलेला आढळतो. परिचारिकांचा टप्पा लक्षात घेता तो दोनेक वर्षे नंतरचा मानणे योग्य.

निवडलेल्या स्त्रिया बहुतेक निरक्षर होत्या आणि त्यांत दलित स्त्रियाही होत्या. दर आठवड्याला जामखेडला येऊन मुक्काम करायचा, एकत्र स्वयंपाक करायचा, एका पंगतीत जेवायचे, गेल्या आठवड्यात गावात काय घडले ते एकमेकींना सांगायचे, अशी शिकवण्याची रीत होती. रात्री सर्वजणींना एकाच मोठ्या पांघरुणात झोपावे लागे, अशी आठवण जामखेडविषयी नेहमी सांगितली जाते. जातीची शिवाशिव सुटल्याखेरीज कार्यकर्ती गावातल्या प्रत्येक घरात पाऊल ठेवू शकणार नव्हती. म्हणून हा भाग प्रशिक्षणाचा गाभाच समजायला हवा.

ती शिकून काय परत नेई? चिकाचे दूध पिळून टाकू नये, बाळाला पाजावे. जुलाब लागलेल्या मुलाचे पाणी तोडू नये, उलट मीठ-साखर-पाण्याची जलसंजीवनी घोट घोट द्यावी. बाळ मोठे होऊन बाळंतपण अडेल या भीतीने गरोदर बाईला अर्धपोटी ठेवू नये. पायावर किंवा चेहऱ्यावर सूज, अंगावरून रक्त जाणे अशी कोणती लक्षणे दिसली की वाट न पाहता दवाखाना गाठावा. यांतली एकही गोष्ट औषधाच्या पेटीतली नाही. सासू, सून आणि घरचा कर्ता पुरुष अशा तिघांना ती तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगावी लागते आणि ते परगावाहून आलेल्या माणसाला साधत नाही. पुरुषांची शेतकरी मंडळे आणि बायकांची महिला मंडळे या कामाच्या पाठीशी होती. १९७२ च्या दुष्काळात अन्न आणि पाणी हेच आधी हाती घ्यावे लागले. त्यातून गावांचा विश्वास बसला.

जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली काढलेल्या एका संकलनात जामखेडचा वृत्तांत चीन, क्युबा, टांझानिया यांच्याबरोबर छापला गेला. सप्टेंबर १९७८ च्या ‘अल्मा-आता’ (तेव्हाच्या सोव्हिएत संघातील शहर) येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा स्वीकारला, त्यामागच्या उदाहरणांत जामखेड गणले जाते. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

समकालीन प्रयोग. याच दशकात कासा (तेव्हा ठाणे, आता पालघर जिल्हा) येथे डॉ. पी. एम. शाह यांनी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आधाराने अर्धवेळ स्थानिक कार्यकर्त्यांकरवी माता-बाल पोषणाचे काम केले. अलिबाग तालुक्यातील मांडवा येथे प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अंतिया यांनी गावातल्या स्त्रियांना शिकवले. मांडव्याचे काम स्थानिक राजकीय विरोधामुळे थांबले. गावातली साधी बाई ज्ञान बाळगू लागली की कोणाचे हितसंबंध दुखावतात, हे या प्रसंगातून जितके कळते तितके कोणत्याही यशस्वी प्रयोगातून कळत नाही.

सरकारी योजना. वैद्यकीय शिक्षण व आरोग्य मनुष्यबळाविषयीच्या श्रीवास्तव समितीच्या १९७५ च्या अहवालानंतर २ ऑक्टोबर १९७७ रोजी, राजनारायण केंद्रीय आरोग्यमंत्री असताना, दर हजार लोकसंख्येमागे एक कार्यकर्ता नेमण्यास प्रारंभ झाला. तीन महिन्यांचे प्रशिक्षण, दरमहा ५० रुपये मानधन आणि काही औषधे असे योजनेचे स्वरूप होते. निवडलेले बहुतेक पुरुष होते आणि अनेक ठिकाणी निवड गावातल्या वजनदार घरांतून झाली. नाव दोनदा बदलले, निधी आटला आणि योजना विरून गेली.

२००२ मध्ये छत्तीसगडमध्ये ‘मितानीन’ कार्यक्रम सुरू झाला. मितानीन म्हणजे औपचारिक रीतीने जोडलेली मैत्रीण. त्याचा प्रभाव २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातील ‘आशा’वर स्पष्ट आहे. आशा आता घरोघरी परिचित असल्याने तिच्या कामाचा तपशील येथे दिलेला नाही. तिला वेतन नाही, मानधन व कामागणिक मोबदला मिळतो. या प्रश्नावर महाराष्ट्रातील आशा व त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक यांनी वारंवार संप केले. रात्री-अपरात्री १०२ किंवा १०८ ची गाडी बोलावून गरोदर बाईसोबत जाणाऱ्या स्त्रीला ‘स्वयंसेविका’ म्हणत राहणे न्याय्य नाही. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला, त्याने हा प्रश्न सुटलेला नाही.

गडचिरोली. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने (१९८६) ३९ गावांत आरोग्यदूतांना नवजात बाळाची घरीच काळजी घेण्यास शिकवले आणि हे काम नसलेल्या ४७ गावांशी तुलना केली. १९९३–९५ ते १९९७–९८ या काळात त्या ३९ गावांतील नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५.५ वर आला. निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. न्यूमोनिया ओळखण्यासाठी मणी आणि एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ असलेले साधे श्वासमापक उपकरण केले होते. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, म्हणजे आकडे न येणाऱ्या बाईलाही श्वास मोजता येतात. पुढे घरभेटींची ही पद्धत देशभरातील आशांच्या कामात आली.

लोकाधारित देखरेख. २००७ पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आता धाराशिव), पुणे व ठाणे जिल्ह्यांत सरकारी आरोग्यसेवेवर गावकऱ्यांनीच लक्ष ठेवण्याचा हा उपक्रम सुरू झाला. पुण्याची ‘साथी’ संस्था राज्यपातळीवरील समन्वयक होती. गावसमितीने आरोग्यसेवेला हिरवा, पिवळा किंवा लाल शेरा द्यायचा आणि जनसुनवाईत (लोकांच्या जाहीर सुनावणीत) अधिकाऱ्यांसमोर तो मांडायचा, अशी रीत. जनसुनवाईची परंपरा राजस्थानातील मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ मध्ये सुरू केलेल्या सुनावण्यांशी जोडली जाते. आपल्या केंद्रात कोणती औषधे असायला हवीत हे भिंतीवर लिहिलेले वाचल्यावर माणूस ती मागू लागतो. माहिती आणि हक्क यांतले अंतर इतके थोडे असते.

शहरे व गोवा. मुंबईत ‘स्नेहा’ (१९९९) संस्थेने वस्त्यांतील माता-बालआरोग्यावर महापालिकेच्या सहकार्याने काम केले आहे. गोव्यात ‘संगाथ’ (१९९६) संस्थेने वैद्यकीय शिक्षण नसलेल्या स्थानिक व्यक्तींना समुपदेशक म्हणून तयार केले. प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्यांशी ते नैराश्य या शब्दाऐवजी ‘टेन्शन’विषयी बोलत. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सरकारी केंद्रांतील रुग्णांना याचा फायदा दिसला, खासगी डॉक्टरांकडील रुग्णांत तो दिसला नाही.