स्विचिंग नॉइज (घरी बनवलेल्या ऑडिओ उपकरणांतला)

घरी जोडलेल्या अँप्लिफायर, प्रीअँप किंवा गिटार पेडलमध्ये स्विच दाबताना, इनपुट बदलताना किंवा पॉवर चालू-बंद करताना स्पीकरमधून येणारा टक, धप असा आवाज. एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) अडॅप्टरच्या सततच्या किरकिरीलाही हेच नाव देतात, तिचा उल्लेख शेवटी आहे.

याचं मूळ काही जण मोर्सच्या की-क्लिकमध्ये, म्हणजे मोर्स संदेश पाठवायची की दाबताना येणाऱ्या टक आवाजात शोधतात, तिथे कीला रेझिस्टर आणि कपॅसिटर लावून क्लिक दाबायची पद्धत बहुधा २० व्या शतकाच्या पूर्वार्धातली. पण तो संबंध फार तर मेन्सच्या (घरच्या २३० व्होल्ट विजेच्या) स्विचपुरता लागू पडतो, कारण ऑडिओ लाइनमधला टक बहुतेक वेळा ठिणगीचा नसून साठलेल्या डीसीचा (स्थिर व्होल्टेजचा) असतो. पेडलमध्ये साधारण १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून एफईटी (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) वापरून स्विचिंग आलं, त्यात सिग्नल झटक्यात न तुटता हळूच वळतो.

कपलिंग कपॅसिटर म्हणजे डीसी अडवून फक्त ऑडिओ सिग्नल पुढे जाऊ देणारा कपॅसिटर. त्याच्या एका बाजूला सर्किटचा डीसी असतो आणि दुसरं टोक स्विचवर मोकळं असतं, त्याला ग्राउंडकडे जायला वाटच नसते, मग कपॅसिटरच्या बारीकशा लीकेजमधून (आतून झिरपणाऱ्या करंटमधून) तिथेही व्होल्टेज चढत जातं आणि स्विच दाबला की ते एकदम पुढच्या स्टेजवर आदळतं. म्हणून महागडा स्विच आणूनही टक जात नाही. ओळखायची खूण सोपी आहे: लागोपाठ दाबलं तर आवाज लहान होत जातो, थोडा वेळ थांबून दाबलं की परत मोठा. त्या टोकाला डिजिटल मल्टिमीटर लावला तर आकडा बघता बघता उतरतो आणि मीटर लावलेलं असेपर्यंत टकही गायब होतो, कारण मीटरचा स्वतःचा सुमारे १० मेगाओहम रेझिस्टन्स ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काही सेकंदांत रिकामा करतो. खरा उपायही तोच, मोकळ्या टोकापासून ग्राउंडला कायमचा रेझिस्टर. गिटारच्या इनपुटला १ ते २.२ मेग (मेगाओहम), लाइन लेव्हलला (मोबाइल, प्लेअर यांच्या सिग्नलला) १०० के (किलोओहम) चालतो.

इथे एक गोष्ट हमखास सुटते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या डेटाशीटमध्ये लीकेजची मर्यादा अनेकदा ३ मायक्रोअँपिअर दिलेली असते, प्रत्यक्षात ते बरंच कमी असतं, पण तेवढं झालंच तर त्या १ मेगच्या रेझिस्टरवर ३ व्होल्ट उभे राहतात आणि १०० के वर ०.३ व्होल्ट. त्यामुळे जमेल तिथे पॉलिस्टर फिल्म कपॅसिटरच घ्यावा, आणि इलेक्ट्रोलिटिक उलटा तर बसवलेला नाही ना हे आधी बघावं. व्हॉल्यूम फिरवताना खरखर होत असेल तरी पॉट (व्हॉल्यूमचा फिरता रेझिस्टर) बदलण्याआधी त्यावर डीसी आहे का ते मोजावं.

पेडलमधल्या टकसाठी काही जण एलईडीला दोष देतात, तो पेटताना करंट एकदम वाढतो म्हणून. दोन्ही कारणं खरी असू शकतात, पण कपॅसिटरचं कारण जास्त सापडतं. एलईडी तात्पुरता काढून ऐकलं की निकाल लागतो.

मेन्सचा स्विच बंद करताना टक येत असेल तर त्यावर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडची जोडी लावतात. हा कपॅसिटर एक्स२ दर्जाचा (मेन्सवर लावण्यासाठीच बनवलेला), २७५ व्होल्ट एसीचाच हवा, साधा कपॅसिटर २३० व्होल्टवर लावणं जिवावर बेतू शकतं. आणि त्या जोडीतून स्विच बंद असतानाही थोडा करंट वाहतो, त्यामुळे आत हात घालण्याआधी प्लग काढावा. पॉवर देतानाची धप स्पीकर काही सेकंद उशिरा जोडणाऱ्या रिलेने जाते, त्यासाठी यूपीसी१२३७ ही आयसी नेहमीची.

सततची किरकिर मात्र बहुतेकदा ग्राउंडच्या वाटेतून येते. ब्लूटूथ मॉड्यूल आणि अँप एकाच सप्लायवर असले की मॉड्यूलचा तुटक करंट ऑडिओच्याच ग्राउंड वायरमधून परततो. तिथे फिल्टर कपॅसिटर वाढवून फारसा फरक पडत नाही, मॉड्यूलला ५ व्होल्ट देणाऱ्या लाइनमध्ये बी०५०५एस सारखा आयसोलेटेड (इनपुट आणि आउटपुटचे ग्राउंड वेगळे ठेवणारा) डीसी-डीसी कन्व्हर्टर घातला की दोन्ही ग्राउंड फक्त ऑडिओ केबलमधून भेटतात. हा १ वॉटचा असल्याने २०० मिलीअँपिअरपर्यंतच करंट देतो.