नळीची ‘सवय’ लागत नाही

‘लघवी काढायची नळी (कॅथेटर) एकदा लागली की कायमचीच. मूत्राशय आळशी होतं, आणि इन्फेक्शन तर ठरलेलंच.’ मणक्याला मार लागलेल्या माणसाला भेटायला आलेले पाहुणे हमखास हे ऐकवून जातात. चहा पिऊन ते निघतात, धास्ती घरात राहते.

मूत्राशयाचा ताबा जातो तो मज्जारज्जूच्या इजेमुळे, नळीमुळे नव्हे. खरा धोका तुंबलेल्या लघवीचा. मूत्राशय फार ताणलं की त्याच्या भिंतीचा रक्तपुरवठा घटतो आणि जंतूंचं फावतं. दाब वाढला तर लघवी उलटी मूत्रपिंडाकडेही चढते. मिशिगन विद्यापीठाचे मूत्ररोगतज्ज्ञ जॅक लॅपिडस यांनी १९७२ मध्ये हेच मांडलं: नळी निर्जंतुक नसली, नुसती स्वच्छ असली तरी चालेल, पण वेळच्या वेळी लघवी काढा. तेव्हा अनेकांना ते भलतंच वाटलं होतं.

करायचं काय, तर साबणाने हात धुवायचे, नळीला जेली लावायची, ती लघवीच्या वाटेतून स्वतःच हळूच आत सरकवायची; वाट दिसावी म्हणून बायकांनी सुरुवातीला आरसा घ्यायचा. धार थांबली की नळी बाहेर. साधारण दर ४ ते ६ तासांनी. एका वेळी ५०० मिलिलिटरच्या वर निघत असेल तर अंतर कमी करायचं. नळी टाळायला पाणीच कमी पिणं, हा सगळ्यात वाईट उपाय.

तपासणीत नुसते जंतू दिसले म्हणून अँटिबायोटिक लागत नाही. ताप, थंडी आली तर मात्र डॉक्टर गाठा.

गुदद्वारातून कोमट पाणी सोडून पोट साफ करण्याबद्दलही हीच भीती असते. तेही आधी नर्सकडून शिकून घ्यायचं, कमोडवर बसून, सावकाश.