सुंतेवर बंदी आणली तर लेकराचं काय होईल?

2012 साली जर्मनीतल्या कोलोन शहरात एका कोर्टानं निकाल दिला आणि तिथून हा वाद जगभर पेटला. चार वर्षांच्या मुलाची आईबापाच्या मर्जीनं एका डॉक्टरनं सुंता केली, दोन दिवसांनी रक्त येतंय म्हणून लेकराला घाईनं दवाखान्यात न्यावं लागलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. डॉक्टर सुटला, पण कोर्ट म्हणालं की आजार नसताना लहान मुलाची सुंता करणं ही शरीराला केलेली इजा आहे आणि आईबापाचा धर्म त्याला पुरेसं कारण होत नाही. ज्यू आणि मुसलमान दोन्ही समाज हादरले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात जर्मन संसदेनं कायदा करून टाकला की वैद्यकीय नियम पाळून केली तर चालेल. 2018 ला आइसलंडमध्ये तर सुंता करणाऱ्याला सहा वर्षांपर्यंत जेलचं बिल आलं होतं, ते पास झालं नाही. आपल्याकडे केरळ हायकोर्टात अशीच याचिका गेली, ती 2023 मध्ये फेटाळली, कायदा करणं आमचं काम नाही असं कोर्टानं सांगितलं.

आता कोणी म्हणेल आपल्या वऱ्हाडाचा ह्याच्याशी काय संबंध. आहे ना. बाळापूर, अचलपूर, मलकापूर, मेहकर, कारंजा, दिग्रस कुठंही जा, मुसलमान मोहल्ले शेकडो वर्षांपासून आहेत. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की पाच-सात वर्षांच्या पोराला नवे कपडे, गळ्यात हार, घरी पाहुणे, जेवण, आणि मग तालुक्याला किंवा शहरात नेलं तर सर्जन आणि खेड्यात कुठं कुठं अजूनही हज्जाम आणि त्याचा वस्तरा. "वो देख सोने की चिड़िया" म्हणून पोराला वर पाहायला लावायचं आणि तेवढ्यात खाली काम उरकायचं ही जुनी युक्ती. मोठे झाल्यावर लोक ही गोष्ट हसत सांगतात, पण मला तिथंच सगळा प्रश्न दिसतो, शरीर ज्याचं आहे त्याला विचारलं नाही आणि वरून फसवलं.

आधी शरीराचं बघू, कारण ह्या विषयात घरातल्या बायकांपासून काही डॉक्टरांपर्यंत बरेच गैरसमज आहेत. मुलगा जन्मतो तेव्हा शिश्नाच्या टोकावरची कातडी आतल्या बोंडाला चिकटलेली असते, नख जसं खालच्या मांसाला चिकटलेलं असतं तशी. ती हळूहळू आपोआप सुटते. 1949 साली ब्रिटनमधले बालरोगतज्ज्ञ डग्लस गेर्डनर यांनी हे मोजून छापलं, नवजात मुलांपैकी फक्त 4 टक्क्यांची कातडी पूर्ण मागे जाते आणि तीन वर्षांचे होईपर्यंत साधारण 90 टक्क्यांची जाते. नंतर डेन्मार्कमध्ये शाळकरी मुलं तपासली तर सहा-सात वर्षांच्या वयात 8 टक्के मुलांची कातडी टाइट होती आणि सोळा-सतराव्या वर्षी जेमतेम 1 टक्क्याची. म्हणजे बहुतेक पोरांना काहीच करायची गरज नसते, नुसतं थांबायचं असतं.

आणि आपल्याकडे नेमकं उलटं होतं. बाळाला आंघोळ घालणारी बाई रोज तेल लावून ती कातडी मागे ओढते, हिंदू-मुसलमान सगळ्या घरांत. तिला विचारलं तर म्हणते, "नाइ ओढली तं लघवी अटकते ना बाप्पा, मंग काय करता." ओढून ओढून बारीक चिरा पडतात, त्या भरून आल्या की तिथं कडक व्रण होतो आणि जी कातडी आपोआप सुटणार होती ती खरंच आवळून बसते. मग लघवी करताना पोरगं रडतं, डॉक्टरकडं नेलं की काही ठिकाणी लगेच "जागा बारीक आहे, ऑपरेशन करून टाका" असं सांगतात. खरं तर आवळलेल्या कातडीवर स्टिरॉइडचं मलम चार ते आठ आठवडे लावलं की बहुतेक मुलांचं काम भागतं. खरोखरच्या आजारासाठी सुंता लागते ती फार थोड्या मुलांना, कातडी पांढरी-कडक होणारा लायकेन स्क्लेरोसस असेल, पुन्हा पुन्हा इन्फेक्शन होत असेल, अशा वेळी. त्यावर कोणी बंदी मागत नाही. वाद आहे तो आजार नसताना केलेल्या सुंतेचा.

समर्थन करणारे म्हणतात की सुंता आरोग्याला चांगली. थोडं खरं आहे, आणि ते प्रामाणिकपणे मान्य करायला पाहिजे. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडात हजारो पुरुषांवर तीन मोठे अभ्यास झाले, त्यांचे निकाल 2005 आणि 2007 मध्ये आले, आणि सुंता केलेल्या पुरुषांना बाईकडून एचआयव्ही लागायचा धोका साधारण 60 टक्क्यांनी कमी दिसला. कातडीच्या आतल्या ओलसर भागात अशा पेशी असतात ज्यांना हा व्हायरस सहज पकडतो, ती कातडी गेली की दार अर्धं बंद होतं. म्हणून 2007 ला जागतिक आरोग्य संघटनेनं आफ्रिकेतल्या जास्त एचआयव्हीच्या देशांसाठी सुंतेची शिफारस केली. पण बघा, हे तिन्ही अभ्यास मोठ्या पुरुषांवर होते, स्वतः हो म्हणून आलेल्या पुरुषांवर. आणि आपल्या देशात मोठ्या माणसांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण 0.2 टक्क्यांच्या आसपास आहे. पाच वर्षांच्या पोराला ह्यातला काय फायदा? जो फायदा वयात आल्यावर मिळणार तो निर्णय वयात आल्यावर घेता येतो. 2020 मध्ये त्याच संघटनेनं आफ्रिकेतला कार्यक्रम पंधरा वर्षं आणि त्यावरच्या मुलांसाठी ठेवायला सांगितलं, त्याच्या कारणांमध्ये सुरक्षितपणाही होता आणि मुलाला समजून हो म्हणता यावं हेही होतं.

लहानपणीचा मुख्य फायदा म्हणजे लघवीचं इन्फेक्शन कमी होतं. पण निरोगी मुलांपैकी ते होतं साधारण शंभरात एकाला, म्हणजे एक इन्फेक्शन टाळायला शंभराहून जास्त पोरांची सुंता करावी लागते, आणि ते इन्फेक्शन झालंच तर अँटिबायोटिकनं बरं होतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2012 मध्ये म्हटलं की फायदे धोक्यांपेक्षा जास्त आहेत, पण सगळ्यांची करा इतके नाहीत. नेदरलँड्सच्या डॉक्टरांच्या संघटनेनं 2010 मध्येच सांगून ठेवलं होतं की आजार नसताना करू नये, आणि तरीही कायद्यानं सरळ बंदी घातली तर हे काम अडाण्यांच्या हाती जाईल ही भीती त्यांनीच मांडली. माझं मत पण तिथंच येतं.

धोक्याचं सांगतो. शिकलेल्या हातांनी, स्वच्छ जागी नवजात बाळाची केली तर शंभरात एक-दोघांना काहीतरी त्रास होतो, तोही बहुतेक किरकोळ. जरा मोठ्या मुलांमध्ये हे प्रमाण शंभरात सहाच्या आसपास जातं. आणि घरी, न शिकलेल्या माणसानं, न उकळलेल्या वस्तऱ्यानं, जखमेवर राख लावून केली तर मग रक्तस्राव, पू, धनुर्वात, कधी बोंडालाच इजा. दोन गोष्टी तर हज्जामाला कळूच शकत नाहीत. एक, काही मुलांचं लघवीचं छिद्र टोकाला नसून खालच्या बाजूला असतं, हायपोस्पेडियास म्हणतात त्याला, ते दुरुस्त करायला सर्जनला पुष्कळदा तीच कातडी लागते, ती आधीच कापून टाकली तर ऑपरेशन अवघड होऊन बसतं. दोन, हिमोफिलिया, साधारण पाच हजार मुलांमागं एकाला, रक्त नीट गोठत नाही, आणि बऱ्याच घरांत तो पहिल्यांदा सुंतेच्या दिवशीच कळतो. जुन्या ज्यू धर्मपंडितांना हे दिसलं होतं, दुसऱ्या शतकातल्या त्यांच्या चर्चेत नियम आहे की दोन भाऊ सुंतेनंतर गेले असतील तर तिसऱ्याची करू नये. हिमोफिलियाची ही जगातली सगळ्यात जुन्या नोंदींपैकी एक. धर्मानं स्वतःच लेकराच्या जिवासाठी नियम वाकवला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आणि दुखणं. "लहान लेकराले काय समजते" हे मी शेकडो वेळा ऐकलंय, आणि ते सपशेल खोटं आहे. 1997 मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांचा अभ्यास छापून आला, भूल न देता सुंता झालेली बाळं चार-सहा महिन्यांनी लस टोचताना बाकीच्या बाळांपेक्षा जास्त रडत होती, आणि ज्यांना सुंतेच्या वेळी बधिर करणारं मलम लावलं होतं त्यांचं रडणं त्यामानानं कमी. म्हणजे शरीर लक्षात ठेवतं, पोरगं सांगू शकत नसलं तरी. भूल न देता कापणं ह्याला कुठल्याच धर्माचा आधार घेता येऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मग बंदीच का नको, असं तुम्ही म्हणाल. इथं मला मेळघाट आठवतो. धारणी-चिखलदऱ्याकडं लहान बाळाचं पोट फुगलं की भुमकाकडं, म्हणजे गावच्या वैदू-मांत्रिकाकडं, नेऊन गरम विळ्याचे चटके देतात, डंबा म्हणतात त्याला. त्याचा काडीचा फायदा नाही, बाळं जिवाला मुकू शकतात, त्यामुळं तिथं गुन्हा दाखल व्हायलाच पाहिजे आणि 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यामुळं ते करता येतं. पण कायदा होऊन इतकी वर्षं झाली तरी चटके थांबले नाहीत, आणि पोलीस येतील ह्या भीतीनं आई लेकराला दवाखान्यातच न आणण्याचा धोका तयार झाला. जे काम हळूहळू पुढं सरकलं ते आशाताईंनी घरोघर जाऊन आणि भुमकांनाच सोबत घेऊन पेशंट दवाखान्यात पाठवायला लावून. डंब्यासारख्या उघड अघोरी गोष्टीचं हे असं असेल तर सुंता, जी करोडो लोकांच्या ओळखीचा भाग आहे, ती एका कायद्यानं थांबेल का? इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात ग्रीक राजा अँटायोकसनं ज्यूंच्या सुंतेवर बंदी घालून मरणाची शिक्षा ठेवली होती, तरी सुंता थांबली नाही. बंदी आली की सर्जन आधी माघार घेईल, कारण त्याला लायसन्सची भीती, हज्जामाला कसलं लायसन्स. पोराला रक्त यायला लागलं तरी बाप त्याला रात्रभर घरीच ठेवेल. ज्या लेकरासाठी कायदा केला तेच जास्त धोक्यात.

आणि दुसरी गोष्ट बोलायला जड आहे पण बोलली पाहिजे. 1947 च्या फाळणीत पुरुषांचे कपडे उतरवून, सुंता आहे का नाही बघून माणसं मारली गेली. ज्या समाजाच्या आठवणीत हे आहे त्याला "तुमच्या सुंतेवर बंदी" हे वाक्य मुलांच्या हक्कांबद्दल आहे असं ऐकूच येणार नाही. गावात दोन गट आधीच फणफणलेले असताना असा कायदा कोणाच्या हातात काय बनेल हे आपल्याला चांगलं माहीत आहे. मुलाचा हक्क खरा आहे, पण तो मागणाऱ्याच्या मनात लेकरू आहे का शेजारी आहे हे तपासावं लागतं.

एक प्रश्न मात्र टाळता येत नाही. मुलींच्या खतन्याला, म्हणजे त्यांच्या जननेंद्रियाचा भाग कापण्याला, आपण एक चिरासुद्धा चालू देऊ नये म्हणतो, जागतिक आरोग्य संघटना त्याचे सगळे प्रकार चूक मानते, त्याचा आरोग्याला एकही फायदा नाही. मग मुलाच्या बाबतीत सगळी कातडी गेली तरी गप्प का? हा युक्तिवाद मला पटतो. त्यावरून मुलींचं संरक्षण तसूभरही कमी करायचं नाही, मुलांचं वाढवायचं, असा मी त्याचा अर्थ घेतो. वाढवायचं कसं तर स्वीडनसारखं. तिथं 2001 पासून कायदा आहे, परवाना असलेल्या माणसानंच करायची आणि भूल डॉक्टर किंवा नर्सनंच द्यायची. आपल्या कायद्यात बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी, चांगल्या हेतूनं, पालकांच्या संमतीनं केलेल्या कृत्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 27 मध्ये सूट आहे, पण हे काम कोणी करावं, भूल दिली पाहिजे का, पोराला विचारलं का, ह्यावर ते कलम काही सांगत नाही.

वयाचं पण बघा. कुराणात सुंतेचा उल्लेख नाही, ती हदीसवरून आली, आणि मुसलमानांमध्ये एकच ठरलेलं वय नाही, कुठं सातव्या दिवशी, कुठं दहा-बारा वर्षांपर्यंत. म्हणजे पोरगं जरा समजतं होईपर्यंत थांबलं तर धर्म मोडत नाही, हे गावातले मौलाना सांगू शकतात आणि त्यांनी सांगितलेलं माझ्या लेखापेक्षा हजारपट ऐकलं जाईल. ज्यूंचं तसं नाही, त्यांच्यात आठवा दिवस पक्का. आपल्या कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएल, ज्यांना शनवार तेली म्हणायचे, त्यांनी शनिवारची सुट्टी आणि आठव्या दिवसाची सुंता पिढ्यान्पिढ्या जपली. त्यांना "अठराव्या वर्षापर्यंत थांबा" म्हणणं म्हणजे करूच नका म्हणणं. तिथं मी भूल, स्वच्छता आणि शिकलेला हात एवढाच आग्रह धरीन, वयाचा नाही.

ज्यांच्या घरी ह्या उन्हाळ्यात कार्यक्रम ठरलाय त्यांनी एप्रिलमध्येच उपजिल्हा रुग्णालयात जाऊन विचारून ठेवा की सर्जन आणि भुलेचा डॉक्टर दोघं एकत्र कोणत्या वारी असतात, कारण छोट्या दवाखान्यात एक असतो तर दुसरा नसतो. पोराची जागा आधी तपासून घ्या, छिद्र टोकाला आहे का बघायला सांगा. आईच्या माहेरी कोणाला, मामाला, मावसभावाला, रक्त लवकर न थांबायचा त्रास आहे का ते डॉक्टरला न विसरता सांगा. आणि पोराला आदल्या दिवशीच काय होणार ते सरळ सांगा, तो नाही म्हणाला तर ह्या वर्षी राहू द्या, पाहुणे पुढच्या सुट्टीतही येतील.