वामकुक्षी

वामकुक्षी : दुपारच्या जेवणानंतर डाव्या कुशीवर थोडा वेळ लवंडण्याची रीत. संस्कृत वाम (डावा) व कुक्षि (कूस, उदर) यांवरून हा शब्द आला. कोकण किनाऱ्यावर ओटी, पडवी किंवा माजघरात चटई टाकून ती घेतली जाते. मालवणीत नुसते ‘वाईच पडतंय’ म्हणतात.

सुश्रुतसंहिता या आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथाच्या सूत्रस्थान या विभागात (अध्याय ४६) जेवणाचा शीण उतरेपर्यंत राजासारखे बसावे, मग शंभर पावले चालून डाव्या कुशीवर ‘संविशेत्’ असे सांगितले आहे. शतपावली व वामकुक्षी ही जोडी या वचनाशी जुळते. मात्र तेथे शब्द आहे तो ‘वामपार्श्व’. ‘संविशेत्’चा अर्थ ‘झोपावे’ असाही होतो आणि ‘आडवे व्हावे’ असाही. त्याच संहितेचे शारीरस्थान ग्रीष्माखेरीज दिवसा झोपण्यास मनाई करते. बालक, वृद्ध, प्रवासाने थकलेले इत्यादींना एक मुहूर्त (४८ मिनिटे) सवलत देते. हे पाहता ‘आडवे व्हावे’ हा अर्थ अधिक सयुक्तिक वाटतो. संहितेच्या काळाबद्दल मतभेद आहेत; सध्याचा पाठ इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत सिद्ध झाला असावा. म्हणजे ही रीत पोर्तुगीजांच्या आगमनापूर्वीची आहे. त्यामुळे कोकणातील दुपारची झोप गोव्याच्या सुशेगाद (पोर्तुगीज शब्दावरून; निवांत) वृत्तीकडून आली, असे मानण्याचे कारण दिसत नाही. वाग्भट या आयुर्वेदाचार्याने बसल्या बसल्या घेतलेली डुलकी (आसीन प्रचलायित) वेगळी काढली असून ती रूक्षही (कोरडेपणा आणणारी) नाही व अभिष्यंदीही (शरीरातील स्रोतसे अडवणारी) नाही, असे म्हटले आहे. झोपाळ्यावरची पेंग याच सदरात मोडते.

जेवल्यावर दहाएक मिनिटे बसून, सावकाश शतपावली करून मग पडावे. उशी बेताची असावी. उजवा गुडघा किंचित दुमडून पुढे टेकवावा. डावा हात डोक्याखाली घेतल्यास मुंग्या येतात, तो समोर सोडावा. या स्थितीत वरची, म्हणजे उजवी नाकपुडी मोकळी होऊ लागते. स्वरशास्त्रात (नाकपुड्यांतील श्वासाच्या विद्येत) या उजव्या नाकपुडीला सूर्यनाडी म्हणतात व ती पचनाला अनुकूल मानतात. त्या नाकपुडीतील श्वासाच्या ये-जा कडे लक्ष ठेवावे, ते भरकटले की परत आणावे. झोप आणण्याचा खटाटोप करू नये. डाव्या कुशीवर जठरातील आम्ल अन्ननलिकेच्या तोंडाखाली राहते, उजव्या कुशीवर ते वर येऊन छातीत जळजळते. पंधरा-वीस मिनिटे पुरतात. अर्ध्या तासापुढे गाढ झोप लागते व उठल्यावर डोके जड होते.

चैत्र-वैशाखात दुपारी समुद्राकडून खारा वारा येतो, म्हणून पश्चिमेची पडवी बरी, ऊन आत येईपर्यंत. पावसाळ्यात सारवलेल्या जमिनीला ओल सुटते. नुसत्या चटईवर पडल्यास पाठ धरते, खाली घोंगडी हवी. ग्रंथांनुसार या ऋतूत झोप टाळावीच.

रात्रभर मासेमारी करून आलेल्यांची सकाळची झोप वामकुक्षी नव्हे. जागरण झाल्यास त्याच्या निम्मा वेळ, तोही जेवण्यापूर्वी झोपावे, असा वाग्भटाचा नियम आहे.

बौद्ध परंपरेत कूस उलटी : सिंहशय्या (सिंहासारखे कुशीवर निजणे) उजवीकडची. मज्झिमनिकाय या पाली ग्रंथातील महासच्चकसुत्तात, उन्हाळ्याच्या शेवटच्या महिन्यात भोजनोत्तर संघाटीची (भिक्षूच्या वरच्या वस्त्राची) चौपदरी घडी अंथरून, उजव्या कुशीवर, स्मृती व संप्रजन्य (सजगता) राखून आपण दिवसा झोपल्याचे बुद्ध सांगतात. उत्तर कोकणातील कान्हेरीच्या विहारांत भिक्षूंचे दगडी ओटे आजही दिसतात.